निळी बाटली, हिरवा शिक्का : विंडेक्सच्या ‘ग्रीनलिस्ट’चं प्रकरण

सफाईच्या सामानावरच्या हिरव्या दाव्यांबद्दल बोलताना उदाहरण बहुधा उघड लबाडीचं दिलं जातं. कंपनीने खोटं लिहिलं, पकडली गेली, विषय संपला. अशा उदाहरणातून घरात बाटली निवडणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. काच पुसायच्या विंडेक्सचं प्रकरण वेगळं आहे. बाटलीतला माल पूर्वीपेक्षा खरोखरच सुधारलेला होता, सुधारणेमागची पद्धत नावाजलेली होती, तरीही बाटलीवरच्या शिक्क्याने गिऱ्हाईक फसतं अशी तक्रार न्यायालयात टिकली आणि अखेर शिक्का काढावा लागला. हे दोन्ही एकाच वेळी कसं घडलं, हे समजलं की दुकानातली कुठलीही हिरवी बाटली वाचता येते.

विंडेक्स १९३३ पासून अमेरिकेत विकलं जातं. सुरुवातीचं द्रव जवळजवळ निव्वळ सॉल्व्हंट, म्हणजे डाग विरघळवणारं द्रव, होतं, इतकं ज्वालाग्राही की ते पत्र्याच्या डब्यात विकावं लागे. आजचं निळं द्रव म्हणजे मुख्यतः पाणी. ते विकणारी एस. सी. जॉन्सन ही विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावची, एका घराण्याच्या मालकीची कंपनी. तिने २००१ साली आपल्या कच्च्या मालाला गुण देण्याची एक अंतर्गत पद्धत सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं ग्रीनलिस्ट.

पद्धत साधी आणि चांगली होती. घटकांचे त्यांच्या कामानुसार गट पाडले : मळ सोडवणारे सर्फॅक्टंट, सॉल्व्हंट, फवाऱ्याचे वायू, वेष्टनाचा माल वगैरे. प्रत्येक गटाला आपापले निकष. सर्फॅक्टंट असेल तर तो पाण्यात किती लवकर कुजतो, माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना किती घातक आहे; सॉल्व्हंट असेल तर तो हवेत किती उडतो. त्यावरून प्रत्येक घटकाला ० ते ३ गुण. ३ म्हणजे उत्तम, २ म्हणजे बरा, १ म्हणजे चालेल. ० म्हणजे शक्यतो वापरायचाच नाही, आणि वापरायचा तर वरच्या पातळीवरून खास परवानगी घ्यायची. नवं द्रव बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाला हे गुण काम करतानाच समोर दिसत. माल बाजारात गेल्यावर पर्यावरणाचा विचार करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याच पद्धतीखाली विंडेक्समधून हवेत उडणारे सेंद्रिय पदार्थ, म्हणजे व्हीओसी, कमी केले गेले. सरान रॅप या अन्नावर गुंडाळायच्या फिल्ममधून क्लोरीन असलेलं पीव्हीडीसी प्लॅस्टिक काढलं गेलं. नवी फिल्म पूर्वीसारखी घट्ट चिकटत नसे आणि बाजारातला वाटा घटला, तरी कंपनीने निर्णय फिरवला नाही. २००६ साली ग्रीनलिस्टला हरित रसायनशास्त्रासाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार तिथली पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, देते. इथपर्यंत या कंपनीला नावं ठेवण्याजोगं काही नाही.

गोष्ट बिघडली ती २००८ च्या सुमारास. ‘ग्रीनलिस्ट’ हे नाव हिरव्या चिन्हाच्या रूपात विंडेक्सच्या बाटलीवर समोरच्या बाजूला छापलं गेलं. ही घटकांना गुण देण्याची पद्धत आहे आणि जास्त माहितीसाठी संकेतस्थळ पाहा, असा खुलासा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होता. समोरून मात्र तो अगदी प्रमाणपत्राच्या शिक्क्यासारखा दिसे. जणू बाहेरच्या कुठल्या संस्थेने तपासून ठप्पा दिला आहे. प्रत्यक्षात गुण देणारी, तपासणारी आणि ठप्पा मारणारी एकच कंपनी होती.

२००९ साली कॅलिफोर्नियातल्या एका ग्राहकाने संघराज्य न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. त्याची बाजू थोडक्यात अशी : शिक्क्यामुळे हा माल तटस्थपणे तपासलेला आणि पर्यावरणाला सुरक्षित आहे असं वाटतं, तसं वाटलं म्हणून जादा पैसे मोजले, तसं नसेल तर ती फसवणूक. कंपनीचं म्हणणं होतं की लेबलवर खोटं काहीच नाही, आणि अर्थ मागे समजावून सांगितला आहे. दावा सुरुवातीलाच फेटाळावा ही कंपनीची विनंती जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने नाकारली. सामान्य गिऱ्हाइकाची या शिक्क्याने दिशाभूल होते की नाही हे पुरावा पाहूनच ठरेल, कागदावर नाही. पुढे खटला निकालापर्यंत गेलाच नाही. जुलै २०११ मध्ये हा आणि विस्कॉन्सिनमधला तसाच दुसरा दावा तडजोडीने मिटला. कंपनीने रक्कम दिली (किती ते जाहीर झालं नाही) आणि विंडेक्सवरून ग्रीनलिस्टचा शिक्का काढायचं मान्य केलं. आपली बाजू कायद्याने भक्कम होती, पण शिक्क्याचा अर्थ जास्त उघडपणे सांगता आला असता, अशा आशयाचं निवेदन कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी केलं.

शिक्का गेला म्हणून ग्रीनलिस्ट पद्धत बंद झाली नाही. तडजोडीत वाद शिक्क्याचा होता, आत काय भरायचं याचा नव्हता. प्रकरणाचा गाभा इथे आहे.

‘हिरवं’ हा शब्द तुलनेचा आहे, पण लेबलवर तुलनेतली दुसरी बाजू कधीच छापत नाहीत. चांगलं, पण कशापेक्षा? ग्रीनलिस्टचं प्रामाणिक उत्तर होतं : तेच काम करणाऱ्या दुसऱ्या घटकांपेक्षा. गिऱ्हाइकाला ऐकू आलं ते वेगळं : शेल्फवरच्या शेजारच्या बाटल्यांपेक्षा. काहींना तर याहून मोठं ऐकू आलं : काहीच न वापरण्याइतकं निरुपद्रवी. एकाच शिक्क्याचे हे तीन अर्थ, आणि पैसे घेतले गेले ते तिसऱ्या अर्थाचे. तपासलं कोणी, हा दुसरा प्रश्न. आणि घटक तपासले की पूर्ण बाटली, हा तिसरा. पण हे दोन्ही ‘कशापेक्षा’ विचारल्यावर आपोआप पुढे येतात.

आता बाटली उघडून बघू. मूळ निळ्या विंडेक्सची घटकयादी कंपनी स्वतःच प्रसिद्ध करते : पाणी, २-हेक्झॉक्सीइथेनॉल, आयसोप्रोपॅनॉलअमीन, सोडियम डोडेसिलबेन्झीन सल्फोनेट, लॉरामीन ऑक्साइड, अमोनियम हायड्रॉक्साइड (म्हणजे पाण्यात विरघळलेला अमोनिया), सुगंध, निळा रंग.

यादी वाचताना प्रत्येक घटकाला विचारायचं की वापर झाल्यावर तू जातोस कुठे. काच पुसायचं द्रव भांड्यांच्या साबणासारखं मोरीत जात नाही. ते काचेवर फवारलं जातं, पुसलं जातं, वाळतं. म्हणजे उडणारा भाग हवेत जातो आणि बाकीचा फडक्यात. फडकं धुतल्यावर तो सांडपाण्यात पोचतो. २-हेक्झॉक्सीइथेनॉल हा चिकट, तेलकट डाग सोडवणारा सॉल्व्हंट, आणि अमोनिया पुसल्यावर ओरखड्यासारखे पट्टे राहू देत नाही. बंद खोलीत नाका-डोळ्यांना झोंबतो तो अमोनियाच. घरात दमेकरी असेल तर खिडकी उघडी ठेवूनच वापरावा. त्यामुळे काचेच्या द्रवाबाबत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हवेचा आहे, पाण्याचा नंतर. व्हीओसी कमी करणं ही विंडेक्समधली सुधारणा म्हणूनच योग्य जागी होती. उलट, काचेच्या द्रवावर ‘फॉस्फेटमुक्त’ लिहिलेलं दिसलं तर त्याला शून्य किंमत द्यावी. काचेच्या द्रवात फॉस्फेट घालायचं कारणच सहसा नसतं. जे कधी नव्हतंच ते काढल्याचं श्रेय कसलं?

सोडियम डोडेसिलबेन्झीन सल्फोनेट हे नाव भीतिदायक वाटतं, पण हा आपल्या ओळखीचा आहे. कपड्यांच्या साध्या पावडरीत आणि भांड्यांच्या वडीत असतो तोच हा एलएएस. पेट्रोलियमपासून बनतो. याचा इतिहास थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण ‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे जिवाणूंकडून कुजणारं, या शब्दाला वजन मिळालं ते यातूनच. १९५० च्या दशकात धुण्याच्या पावडरींमध्ये फांद्या फुटलेल्या साखळीचा सल्फोनेट वापरत. जिवाणूंना त्या फांद्यांवरून साखळी खाता येत नसे. परिणामी युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर आणि सांडपाणी केंद्रांवर फेसाचे डोंगर साचले. जर्मनीने १९६१ मध्ये याविरुद्ध कायदा केला, आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला उद्योग सरळ साखळीच्या एलएएसकडे वळला. सरळ साखळी जिवाणू एका टोकापासून कुरतडत जातात. फेस ओसरला.

म्हणजे एलएएस बायोडिग्रेडेबल आहे. मग अडचण कुठे येते? ती चाचणीच्या अटींत लपलेली आहे. ‘सहज विघटनशील’ ठरवणाऱ्या प्रचलित प्रयोगशाळा चाचण्या साधारण अशा असतात : पदार्थ पाण्यात मिसळायचा, थोडे जिवाणू सोडायचे, हवा खेळती ठेवायची आणि २८ दिवस मोजायचं. ऑक्सिजनच्या खपावरून किंवा तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडवरून ६० टक्के विघटन दिसलं की पास. युरोपच्या २००४ च्या डिटर्जंट नियमातही हाच ६० टक्के, २८ दिवसांचा उंबरठा आहे. यातला कळीचा शब्द म्हणजे हवा. एलएएस प्राणवायू असताना नीट कुजतो. प्राणवायू नसेल तर जवळजवळ कुजतच नाही आणि गाळाला चिकटून बसतो.

हे महाराष्ट्रात नेमकं कुठे लागू पडतं ते उघड आहे. भुयारी गटार आणि हवा फुंकणारं शुद्धीकरण केंद्र असलेल्या शहरी भागात एलएएसचा बराचसा भाग केंद्रातच संपतो. पण गावं, तालुक्याची शहरं, शहराभोवतीच्या बंगल्यांच्या वसाहती सेप्टिक टँकवर चालतात, आणि सेप्टिक टँकच्या पोटात हवा नसते. तिथे बाटलीवरचं ‘बायोडिग्रेडेबल’ हे खरं असूनही निरुपयोगी आहे. न शुद्ध केलेलं सांडपाणी थेट नदीत जातं तिथेही तसंच. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस दरवर्षी बातम्यांत दिसतो. त्या फेसात कारखान्यांचं पाणी आहे आणि घरांचंही, आणि घरांच्या बाटल्यांवर काय लिहिलं आहे याने तिथे फरक पडत नाही, कारण कुजवायला लागणारी जागा आणि वेळ मधल्या मध्ये गळून पडलेली असते. सेप्टिक टँक असलेल्या घराने लेबलवर ‘विनाऑक्सिजन विघटन’ किंवा ‘अ‍ॅनारोबिक’ हा शब्द शोधावा. साधा साबण आणि बरेचसे वनस्पती-तेलजन्य अल्कोहोल सल्फेट हवेविनाही कुजतात.

पण यावरून ‘वनस्पतीजन्य म्हणजे चांगलं’ असा निष्कर्ष काढला तर पुन्हा फसाल. वनस्पतीजन्य हा शब्द माल कुठून आला ते सांगतो, पुढे कुठे जातो ते नाही. नारळ किंवा पाम कर्नल तेलापासून बनवलेल्या एसएलईएस या लोकप्रिय सर्फॅक्टंटवर पुढे पेट्रोलियमपासून आलेलं इथिलीन ऑक्साइड चढवतात, आणि त्या क्रियेत १,४-डायॉक्सेन हा नको असलेला पदार्थ लेशमात्र तयार होतो. न्यूयॉर्क राज्याने घरगुती सफाईच्या मालातली त्याची मर्यादा २०२३ अखेरपासून दहा लाख भागांत १ भाग इतकी खाली आणली, कारण तो पाण्यात गेला की सहजी निघत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन शंभर टक्के नैसर्गिक आहे, आणि पाण्यातल्या जिवांना अतिविषारी म्हणूनही वर्गीकृत आहे. शिवाय हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्यातून फॉर्माल्डिहाइड बनतं. आपला रिठाच घ्या. त्यातलं सॅपोनिन उत्तम फेस करतं आणि माशांचे कल्ले निकामी करतं; मासे पकडण्यासाठी अशी सॅपोनिनची फळं पाण्यात चुरडण्याची पद्धत कित्येक ठिकाणी होती. रिठा वापरू नये असं नाही. बादलीभर पाण्यात चार रिठे आणि विहिरीत टोपलीभर रिठे यांत जो फरक आहे, तो लेबलवर कधीच छापलेला नसतो, एवढंच.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हा दावाही असाच जरा उलटून बघावा. पाण्यात बनवलेलं, सौम्य, वनस्पतीजन्य द्रव म्हणजे जिवाणूंची मेजवानी. प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर द्रव गढूळ होतं, तळाशी तंतू दिसतात, आंबूस वास येतो. म्हणून बऱ्याच हिरव्या बाटल्यांत मिथिलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह फार थोड्या प्रमाणात असतं. तेवढ्यानेही काहींच्या हातांना ऍलर्जी होते. हातावर आलेलं बारीक पुरळ जात नसेल तर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी आधी बाटली बदलून बघा.

आता बाटलीचं ओझं. हा भाग ग्रीनलिस्टच्या वादात मागेच राहिला, आणि काचेच्या द्रवात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हिशोब घरच्या काट्यावर करता येतो. रिकामी ५०० मिलिची बाटली आणि तिचा फवारा काट्यावर ठेवा. समजा वजन ६० ग्रॅम भरलं, आणि आतल्या द्रवात काम करणारा माल ३ टक्के आहे. म्हणजे १५ ग्रॅम माल पोचवायला ६० ग्रॅम प्लॅस्टिक आणि ४८५ ग्रॅम पाणी ट्रकमध्ये घालून आणलं. तुमच्या काट्यावर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण उलटं होणार नाही. त्या १५ ग्रॅमपैकी कुठला सॉल्व्हंट जास्त हिरवा, यावर बारीक वाद घालताना समोरचं ६० ग्रॅम प्लॅस्टिक नजरेआड होतं.

त्यात फवारा हा वेगळाच मामला. एक खराब झालेला फवारा सोलून बघा : पॉलिप्रॉपिलीनचं कवच आणि घोडा, आत दट्ट्या, सहसा स्टीलची स्प्रिंग, झडपेला काचेची किंवा स्टीलची गोळी, एखादी रबरी चकती, खाली पॉलिइथिलीनची नळी. चार-पाच जातींचा माल इतक्या घट्ट बसवलेला की भंगारवाला बाटली घेतो आणि फवारा बाजूला टाकतो. बाटलीवर ‘रिसायकलेबल’ छापलेलं असतं ते बाटलीपुरतं खरं असतं. म्हणून एकच फवारा जितकी वर्षं चालेल तितका चालवणं आणि आत पुन्हा भरत राहणं हा काचेच्या द्रवातला सगळ्यात हिरवा उपाय आहे, मग आत काहीही भरा. फवारा बंद पडतो तो बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये साचून, किंवा आत कण गेल्याने झडपेची गोळी अडकून. पहिल्यासाठी नोझल काढून अर्ध्या-अर्ध्या व्हिनेगर-पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावं. दुसऱ्यासाठी बाटलीत कोमट पाणी भरून वीस-पंचवीस वेळा घोडा दाबावा. भांड्यांचं घट्ट लिक्विड कधीही थेट फवाऱ्यात भरू नये.

आत काय भरायचं? साधं प्रमाण असं : १ लिटर कमी क्षाराचं पाणी (आरओ यंत्रातून पिण्यासाठी येणारं, त्यातून बाहेर टाकलं जाणारं नव्हे) आणि भांड्यांच्या लिक्विडचे २-३ थेंब. काचेवर पाण्याचे पांढरे डाग असतील तरच ५० मिलि साधं व्हिनेगर. आपल्याकडचं व्हिनेगर सुमारे ४ टक्के आम्लाचं असतं, म्हणजे हे मिश्रण ०.२ टक्क्याचं झालं. काचेला पुरतं. पण खिडकीचा ओटा कडप्प्याचा, शहाबादीचा किंवा संगमरवराचा असेल तर व्हिनेगर टाळाच. हे तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे आहेत, आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही.

बिघडतं ते प्रमाणात आणि फडक्यात. पट्टे उठले की लोक आणखी साबण घालतात, आणि पट्टे साबणाचेच असतात. काच उन्हात तापलेली असताना पुसली तर पाणी उडून साबण मागे राहतो. सकाळी किंवा सावली आल्यावर पुसा. आधी कोरड्या फडक्याने धूळ काढा, नाहीतर चिखल फिरतो. समुद्रकाठच्या घरांत काचेवर मिठाचा थर असतो, तो नुसत्या पाण्याने आधी उतरवा. फडकं जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या सुती कापडाचं हवं. नव्याची खळ आणि तंतू काचेवर बसतात, आणि फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेलं फडकं काचेवर तेलकट थर ठेवतं. एका फडक्याने ओलं, दुसऱ्याने कोरडं. आरशावर थेट फवारू नका. कडेने द्रव आत गेलं की मागची चांदी काळी पडते. फडक्यावर फवारून मग पुसा. टीव्ही आणि लॅपटॉपच्या पडद्यावर अमोनिया किंवा व्हिनेगर लावूच नका, त्यावरचा लेप उतरतो.

घरच्या मिश्रणांनाही ‘कशापेक्षा’ हा प्रश्न चुकत नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून जोरदार फेस येतो, पण फेस संपल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं फिकं पाणी. आम्ल आणि सोडा एकमेकांना खाऊन बसले. वापरायचे तर वेगवेगळे वापरा. टॉयलेटचं आम्लाचं क्लीनर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका; क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बंद संडासात तो जीवघेणा ठरतो.

बायो-एन्झाइमबद्दल, म्हणजे फळांच्या साली गुळात आंबवून घरी केलेल्या द्रवाबद्दल, सध्या फार उत्साह आहे, म्हणून थोडं सविस्तर. नेहमीचं प्रमाण १:३:१०, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबूवर्गीय साली, १ लिटर पाणी, तीन महिने मुरवत ठेवायचं. बरणीचा चौथा भाग रिकामा ठेवा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा; नाहीतर वायूच्या दाबाने बाटली फुटते, काचेची तर धोकादायकच. तयार द्रव आंबट असतं, पीएच साधारण ३ ते ४, आणि सफाईचं काम बहुतांशी त्या आम्लाचंच. क्षाराच्या डागांवर चांगलं चालतं, तेलकट भांड्यांवर फारसं नाही, आणि कडप्प्याला व्हिनेगरइतकंच वाईट. आता नदीच्या बाजूने बघा. १ ग्रॅम साखर कुजायला साधारण १.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. गूळ निव्वळ साखर नसतो, म्हणून १०० ग्रॅम गुळाचे झाले सुमारे ९० ग्रॅम. आंबताना त्यातला काही भाग खर्ची पडतो, पण मोठा भाग द्रवात राहतो. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक ५० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पूर्ण एक लिटर बायो-एन्झाइम ओतणं हे एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याहून जास्त ओझं टाकणं आहे. फरशीच्या बादलीत ३० मिलि घातलं तर ते ओझं ३ ग्रॅमच्या आत राहतं आणि चिंतेचं कारण नाही. पण तलाव किंवा नाला ‘शुद्ध’ करायला त्यात कॅनच्या कॅन ओतण्याचे जे उपक्रम होतात, त्यात आधीच गुदमरलेल्या पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही खाल्ला जातो. करणाऱ्यांची कळकळ खरी असते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

शिक्क्यांकडे परत येऊ. अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या व्यापार आयोगाने २०१२ मध्ये आपली हरित दाव्यांची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. प्रमाणपत्रं आणि शिक्क्यांसाठी त्यात वेगळा भाग आला, आणि नुसतं ‘ग्रीन’ किंवा ‘इको-फ्रेंडली’ असं मोघम म्हणू नये हे स्पष्ट झालं. ईपीएचा ‘सेफर चॉइस’ हा शिक्का (२०१५ पूर्वीचं नाव ‘डिझाइन फॉर द एन्व्हायर्नमेंट’) कंपनीबाहेरच्या तपासणीवर मिळतो. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने सफाईच्या मालाची घटकयादी २०२० पासून संकेतस्थळावर आणि २०२१ पासून लेबलवर देणं बंधनकारक केलं. याचा फायदा पुण्या-मुंबईत बसूनही घेता येतो : परदेशी ब्रँड असेल तर त्याच्या अमेरिकी संकेतस्थळावरची यादी उघडा. इथे भरलेला माल तंतोतंत तोच असेल असं नाही, पण काय विचारायचं ते कळतं.

भारतात १९९१ पासून इकोमार्क आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह. साबण आणि डिटर्जंट पहिल्यापासून त्याच्या कक्षेत होते, तरी उद्योगाने त्याकडे पाठ फिरवली आणि दुकानात ते मडकं दिसणं दुर्मीळच राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम आले. पण ग्राहकाच्या हातात जास्त धारदार हत्यार आलं ते १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने. ‘क्लीन’, ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द आधाराशिवाय वापरायचे नाहीत. ‘नॉन-टॉक्सिक’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘रिसायकलेबल’, ‘अमुकमुक्त’ अशा नेमक्या दाव्यांना प्रमाणपत्र, भरवशाचा शास्त्रीय पुरावा किंवा स्वतंत्र तपासणी हवी. तुलना केली असेल तर कशाशी ते सांगायचं. आणि खुलासा जाहिरातीतच, किंवा क्यूआर कोड अथवा संकेतस्थळाच्या दुव्याने द्यायचा. २००८ ची विंडेक्सची बाटली या नियमांखाली ठेवली तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल : ग्रीनलिस्ट म्हणजे कोणी दिलेला शिक्का, आणि कशाच्या तुलनेत?

दाव्याचा आधार सापडत नसेल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा. चार ओळी पुरतात : बाटलीवरचा अमुक दावा कशाच्या तुलनेत आहे, तपासणी कोणी केली, विघटनाची चाचणी कुठली आणि हवेसह की हवेविना, दावा द्रवाचा आहे की बाटलीचा. उत्तर आलं नाही किंवा ‘आमचा माल सुरक्षित आहे’ इतकंच आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. सोबत बिल, समोरच्या आणि मागच्या लेबलचे वाचता येतील असे फोटो, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडा. क्यूआर कोड असेल तर तो उघडून जे पान येतं त्याचाही तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलता येतो आणि तक्रारीनंतर तो बदललेला आढळू शकतो. बाटली रिकामी झाली तरी तक्रार निकाली निघेपर्यंत लेबलसकट ठेवा. तोवर फवारा काढून दुसऱ्या बाटलीला लावायला हरकत नाही.